कोब्रा दर वेळी हरायची, तरी चाहते तिच्याच बाजूचे का?

'जी. आय. ज्यो' या अमेरिकी कार्टून मालिकेचे चाहते एकत्र जमले की भांडण कशावरून सुरू होईल हे सांगता येत नाही, पण ते कुणावर येऊन अडेल हे मात्र सांगता येतं. कोब्रा कमांडरवर, म्हणजे तिच्यातल्या कोब्रा या दहशतवादी संघटनेच्या म्होरक्यावर. एक जण म्हणणार, चेहऱ्यावर आरशासारखा चकचकीत मुखवटा, सापासारखा फुत्कारणारा आवाज, आणि लढाई अंगाशी आली की "मागे फिरा!" असं ओरडत सैन्याच्याही आधी पळणारा हा माणूस म्हणजे कार्टूनमधला सगळ्यात भारी खलनायक. दुसरा म्हणणार, छे, कार्टूनने त्याची पार माती केली, खरा कमांडर कॉमिकमध्ये आहे. मग तिसरा सर्पेंटरचं नाव काढतो, चौथा कोब्रा-लाचं, आणि पुढचा तासभर कुणी कुणाचं ऐकत नाही.

ज्यांनी हे कार्टून पाहिलेलं नाही त्यांना हा सगळा पोरखेळ वाटेल. खेळणी खपावीत म्हणून चाळीस वर्षांपूर्वी काढलेली अमेरिकी मालिका, आणि तिच्यावरून नोकरीधंद्यातली, मुलाबाळांची माणसं हमरीतुमरीवर येतात. पण या भांडणांच्या मुळाशी गेलं तर एक मजेशीर गोष्ट सापडते. चाहत्यांना या खलनायकांबद्दल जे आवडतं आणि जे डाचतं, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी कुणा लेखकाला सुचल्या म्हणून घडलेल्या नाहीत. त्यामागे जाहिरातींचे कायदे आहेत, टीव्ही चॅनेलांचे नियम आहेत आणि खेळण्यांच्या दुकानातलं रोकडं गणित आहे. ते गणित एकदा समजलं की कोब्रा दर वेळी का हरायची, हरूनही मजा का आणायची, आणि १९८६ नंतर चाहते का चिडले, हे सगळं आपोआप उलगडतं.

आधी थोडी पूर्वपीठिका. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९६४ मध्ये जी. आय. ज्यो नावाचा सुमारे बारा इंची सैनिक बाजारात आणला. कपडे बदलता येणारा तो चक्क बाहुला होता. पण मुलगे बाहुल्यांशी खेळणार नाहीत आणि त्यांचे वडील त्या विकत घेणार नाहीत, ही धास्ती. म्हणून त्याला बाहुला न म्हणता 'ॲक्शन फिगर' म्हणायचं ठरलं. आज जगभर रूढ असलेला हा शब्द तिथून आला. पुढे व्हिएतनाम युद्धामुळे सैनिकी खेळण्यांवरची लोकांची मर्जी उतरली, तेलाच्या टंचाईने प्लॅस्टिक महागलं, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बारा इंची ज्यो बंद पडला. त्याच सुमारास केनर कंपनीच्या 'स्टार वॉर्स'च्या पावणेचार इंची बाहुल्या तुफान खपल्या. लहान बाहुली स्वस्त पडते, आणि मुख्य म्हणजे तिच्या मापाची विमानं, रणगाडे, तळ असं सगळं विकता येतं. हॅस्ब्रोने धडा घेतला आणि १९८२ मध्ये त्याच मापात जी. आय. ज्यो परत आणला. या वेळी तो एकटा सैनिक नव्हता, त्या नावाचं अख्खं पथक होतं आणि प्रत्येकाला टोपणनाव, हुद्दा, खासियत होती.

आता गंमत बघा. या पथकाने लढायचं कुणाशी, हे सुरुवातीला ठरलेलंच नव्हतं. हॅस्ब्रोने कॉमिकसाठी मार्व्हलशी हातमिळवणी केली, तेव्हा मार्व्हलच्या मंडळींनी साधा प्रश्न विचारला: यांचा शत्रू कोण? संपादक आर्ची गुडविन यांनी कोब्रा नावाची दहशतवादी संघटना सुचवली. कंपनीला ते फारसं पटेना. वाईट माणसांच्या बाहुल्या कोण घेणार, असा त्यांचा हिशेब. म्हणून पहिल्या वर्षी कोब्राचे जेमतेम तीन चेहरे आले: एक शिपाई, एक अधिकारी आणि स्वतः कमांडर. त्यातला कमांडर तर आधी दुकानात नव्हताच. पाकिटांवरचे कूपन कापून टपालाने पाठवायचे, मग तो घरी यायचा. आणि शेवटी याच वाईट माणसांनी कंपनीचा गल्ला भरला. ज्यो पथकातला एकेक जण घेतला तरी चालतो, पण शिपाई एकच असून कसं चालेल? फौज हवी, म्हणजे तीच बाहुली चार-पाच वेळा घेणं आलं.

कोब्राला देश नाही, हीसुद्धा अशीच दूरदृष्टीची गोष्ट ठरली. १९८२ म्हणजे शीतयुद्धाचा काळ. शत्रू म्हणून सोव्हिएत युनियन अगदी तयार होता. पण कोब्रा कुठल्याच देशाची ठेवली नाही. उलट सोव्हिएत गटाचं 'ऑक्टोबर गार्ड' नावाचं पथक कथेत आलं ते प्रतिस्पर्धी म्हणून, आणि वेळप्रसंगी कोब्राविरुद्ध ज्योंच्या जोडीने लढलंसुद्धा. त्यामुळे शीतयुद्ध संपलं तरी ही गोष्ट शिळी झाली नाही आणि परदेशात खेळणी विकताना कुणाच्या भावना दुखावण्याचा प्रश्न आला नाही.

मग कार्टून कुठून आलं? इथे कायद्याची भानगड समजून घ्यावी लागते. अमेरिकेत दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने १९६९ मध्ये 'हॉट व्हील्स' गाड्यांच्या कार्टूनबद्दल तक्रार आल्यावर भूमिका घेतली होती की मुलांचा कार्यक्रम म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात होता कामा नये. शिवाय खेळण्याच्या जाहिरातीत ॲनिमेशन किती वापरायचं यावरही बंधनं होती, कारण चित्रातलं विमान आग ओकत उडतं आणि घरी आणलेलं प्लॅस्टिकचं विमान जमिनीवर ढिम्म बसून राहतं. हॅस्ब्रोने यातून पळवाट काढली. त्यांनी खेळण्याची नाही, कॉमिकची जाहिरात टीव्हीवर केली. कॉमिक हे पुस्तक. त्याच्या जाहिरातीत ॲनिमेशन किती असावं याचा नियमच नव्हता. १९८२ च्या त्या अर्ध्या मिनिटाच्या जाहिराती इतक्या झकास होत्या की याची पूर्ण मालिका करावी हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

तोवर वारंही फिरलं होतं. रेगन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी नेमलेले आयोगाचे अध्यक्ष मार्क फाउलर यांच्या मते टीव्ही म्हणजे घरातलं आणखी एक उपकरण, चित्रं दाखवणारा टोस्टर. बाजार ठरवेल ते खरं. १९८४ मध्ये जाहिरातींवरच्या उरल्यासुरल्या मर्यादा सैल झाल्या आणि खेळण्यांवर आधारित कार्टूनांचा पूर आला. जी. आय. ज्योची पहिली पाच भागांची मालिका १९८३ मध्ये, दुसरी पाच भागांची १९८४ मध्ये, आणि १९८५ मध्ये एकदम ५५ भाग. बेरीज केली तर ६५ होतात. हा आकडा उगाच आलेला नाही. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवायचा तर तेरा आठवड्यांना ६५ भाग लागतात, आणि स्थानिक वाहिन्यांना शाळा सुटल्यानंतरच्या वेळेसाठी तेवढा माल एकगठ्ठा हवा असे. निर्मिती सनबो आणि मार्व्हल प्रॉडक्शन्सची, चित्रांचं बरंचसं काम जपानच्या तोएई स्टुडिओत.

आता चाहत्यांच्या पहिल्या तक्रारीकडे येऊ, कारण ती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हक्काची थट्टा आहे. या मालिकेत कुणी मरत नाही. दोन्हीकडून हजारो गोळ्या सुटतात, गोळ्या कसल्या, ज्योंच्या बहुधा लाल आणि कोब्राच्या निळ्या लेझर किरणांच्या रेघा, आणि एकही लागत नाही. विमान फुटायच्या आत वैमानिक बाहेर पडतो आणि त्याचं पॅराशूट पडद्यावर दिसल्याशिवाय दृश्य संपत नाही. लहानपणी हे खटकत नाही. मोठेपणी पुन्हा बघताना हसू आवरत नाही.

यामागे वाहिन्यांचे नियम. दुपारी मुलं बघणार, तेव्हा खऱ्या बंदुका नकोत, रक्त नको, मृत्यू तर नकोच. एवढं सांभाळूनही टीका टळली नाही. मुलांच्या टीव्हीसाठी लढणाऱ्या पेगी शॅरेन यांच्या संघटनेसारख्यांनी अशा मालिकांना जाहिरात म्हणूनच हिणवलं, तर इतरांनी हिंसेचा मुद्दा लावून धरला. त्यावर उतारा म्हणून भागाच्या शेवटी छोटे उपदेशपट आले. कुणी मुलगा तुटलेल्या वीजतारेजवळ जातो, कुणी अनोळखी माणसाच्या गाडीत बसायला निघतो, आणि कुठूनसा ज्यो पथकातला एक जण उगवून त्याला समजावतो. माहिती असली की निम्मी लढाई जिंकली, असं त्यांचं पालुपद. गंमत म्हणजे अमेरिकेत त्या पिढीला कथानकं विसरायला झाली, पण हे पालुपद तोंडपाठ आहे. २००३ च्या सुमारास एरिक फेन्स्लर यांनी हेच उपदेशपट घेतले, त्यांवर आपले चक्रम संवाद चढवले आणि इंटरनेटवर सोडले. यूट्यूब जन्मायच्या आधी ते घरोघरी पोचले होते. कित्येक तरुणांची या मालिकेशी ओळख त्या विडंबनातूनच झाली.

पण या मरू-न-देण्याच्या नियमाचा एक परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. शत्रू मरत नाही, म्हणजे तोच शत्रू उद्या पुन्हा येणार. तो जिंकूही शकत नाही. मग लेखकाने त्याच्याबरोबर करायचं काय? ६५ वेळा हरणारा माणूस भीतिदायक राहू शकत नाही. तो एकतर कंटाळवाणा होतो, नाहीतर विनोदी. लेखकांनी विनोदी केला, आणि इथे कोब्रा खऱ्या अर्थाने जिवंत झाली.

ज्यो पथकातले लोक आदर्श. त्यांना आपसात फार भांडता येत नाही, लोभ नाही, मत्सर नाही, पळपुटेपणा तर नाहीच. मुलांसमोर उदाहरण ठेवायचं होतं ना. कोब्रावर असलं काही बंधन नव्हतं. त्यामुळे माणसाच्या अंगी जे जे असतं ते सगळं कोब्राच्या वाट्याला आलं. कमांडरला सत्ता हवी, पण अक्कल बेताची. डेस्ट्रो हा पोलादी मुखवट्याचा, जुन्या स्कॉटिश घराण्याचा शस्त्रविक्रेता. त्याला अक्कल भरपूर, आणि आपण कुणाच्या हाताखाली काम करतोय याची लाजही भरपूर. बॅरोनेस दोघांनाही ओळखून आहे आणि आपलं काम साधून घेते. टोमॅक्स आणि झॅमॉट हे जुळे भाऊ दिवसा सूट घालून 'एक्स्टेन्सिव्ह एंटरप्रायझेस' नावाची कंपनी चालवतात, एकाने अर्धं वाक्य बोलायचं आणि दुसऱ्याने पुरं करायचं. एकाला ठोसा बसला की दुसरा कळवळतो. झार्टन वेषांतरात पटाईत, आणि त्याचे ते ड्रेडनॉक गुंड, जग जिंकण्यापेक्षा द्राक्षाचा सोडा आणि चॉकलेट लावलेले डोनट यांत ज्यांना जास्त रस.

एका खोलीत ही सगळी मंडळी बसवली की हा दहशतवादी संघटनेचा तळ आहे असं वाटतच नाही. साहेब नालायक, उपसाहेब साहेबाच्या खुर्चीवर टपलेला, हिशेबखात्याचं वेगळंच काहीतरी चाललेलं आणि शिपायांना बिचाऱ्यांना कुणी विचारत नाही. मोठे झालेले चाहते कोब्राबद्दल इतक्या मायेने का बोलतात, याचं माझ्या मते हे खरं कारण. वयाच्या आठव्या वर्षी ते सापाचं चिन्ह आवडलं होतं. चाळिशीत मात्र त्यांना डेस्ट्रोचा तो सुस्कारा कळायला लागला.

आणि आवाज. क्रिस लाटा या कलाकाराने कमांडरला जो आवाज दिला तो एकदा ऐकला की विसरत नाही: घशातून घासत येणारा, 'स' लांबवणारा, चिडला की थेट किंचाळीवर जाणारा. त्याच कलाकाराने त्याच काळात 'ट्रान्सफॉर्मर्स'मधल्या स्टारस्क्रीमला आवाज दिला. तोही साहेबाविरुद्ध सतत कट करणारा आणि तोंडावर आपटणारा. लाटा १९९४ मध्ये गेले. त्यानंतर कमांडरला आवाज देणाऱ्या प्रत्येकाची तुलना त्यांच्याशीच होत आली आहे.

कोब्राच्या योजनांबद्दल काय बोलावं! पाचभागी कथांमध्ये एक ठरलेला साचा होता. कुठलं तरी महायंत्र, त्याचे सुटे भाग किंवा त्याला लागणारे दुर्मीळ पदार्थ जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यात, आणि दोन्ही बाजूंची पळापळ. १९८३ मध्ये वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी पाठवणारं यंत्र, १९८४ मध्ये हवामान ताब्यात ठेवणारं. चाहते यावर चिडवतात, पण रोज एक भाग दाखवायचा तर रोज एक शोध लागणारच. खरी धमाल सुट्या भागांत आहे. एका भागात कोब्राची तिजोरी रिकामी होते, म्हणून झार्टन आणि त्याचे गुंड 'कोल्ड स्लिदर' नावाचा रॉक बँड काढतात आणि गाण्यात दडवलेल्या संदेशांनी श्रोत्यांना गुलाम करू बघतात. दुसऱ्या एका भागात कोब्रा बर्गर विकणाऱ्या हॉटेलांची साखळी बळकावते, कारण त्या हॉटेलांच्या छपरांवर शोभेची रॉकेटं आहेत आणि तिथे खरी क्षेपणास्त्रं सहज खपून जातील. जगाला वेठीला धरायला निघालेली संघटना आणि मधल्या वेळात बर्गरचा धंदा. असले भाग ज्याला आवडत नाहीत त्याच्याशी माझं फारसं जमणार नाही.

पण या विनोदी मालिकेने अधूनमधून असे काही भाग दिले की मुलांची झोप उडाली, आणि चाहत्यांच्या आवडत्या भागांच्या यादीत तेच वर असतात. एका दोनभागी कथेत ज्यो पथकातले काही जण दुसऱ्याच एका जगात जाऊन पडतात. तिथे कोब्रा जिंकलेली आहे. उजाड शहरात फिरताना त्यांना तीन सांगाडे सापडतात, आणि ते त्यांच्यातल्याच तिघांचे निघतात. त्या जगातले ते तिघे, स्टीलर, क्लच आणि ग्रंट, लढताना मेलेले असतात. स्वतःचा सांगाडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा! ज्या कार्टूनमध्ये पॅराशूटशिवाय कुणी खाली येत नाही तिथे हे कसं चाललं? दुसऱ्या जगातले आहेत म्हणून चाललं. शेवटी हे तिघे त्याच जगात राहून कोब्राशी लढायचं ठरवतात आणि मालिकेतून जातात. मुलांना तो त्याग वाटला. दुकानदाराला कारण ठाऊक होतं: हे तिघे १९८२ चे, त्यांच्या बाहुल्यांची विक्री बंद झालेली. ज्याची बाहुली मिळत नाही त्याला पडद्यावर ठेवून उपयोग काय?

दुसरी कथा स्प्रिंगफिल्डची, स्टीव्ह गर्बर यांनी लिहिलेली. शिपरेक हा गमत्या खलाशी शुद्धीवर येतो तर सहा वर्षं उलटलेली. युद्ध संपलंय, कोब्रा हरली आहे, त्याला बायको आहे, लहान मुलगी आहे, शांत गावात घर आहे. त्याला यातलं काहीच आठवत नाही. हळूहळू त्याच्यासमोर ओळखीची माणसं मेणासारखी वितळू लागतात. अख्खं गाव कोब्राने उभारलेलं नाटक असतं, त्याच्या डोक्यात दडलेलं एक गुपित काढून घेण्यासाठी. माणसं नकली, बायको नकली, मुलगीही नकली. सुटका होते, पण त्याला हवंहवंसं वाटू लागलेलं घर गेलेलं असतं. या कथेत कोब्रा पहिल्यांदा जिंकल्यासारखी वाटते, कारण तिने या वेळी जगाच्या वाटेला न जाता एका माणसाच्या मनाला हात घातला. ज्यांना कार्टूनमधली कोब्रा नुसती हास्यास्पद वाटते त्यांना चाहते ही कथा बघायला सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

मग १९८६ उजाडलं आणि सर्पेंटर आला. त्याच्याबद्दलचा राग समजून घ्यायचा तर पुन्हा दुकानात जावं लागेल. दर वर्षी नव्या बाहुल्या येणार, त्यांना पडद्यावर जागा करून द्यायची हे लेखकांचं कामच होतं. त्या वर्षी हॅस्ब्रोला कोब्राचा नवा सम्राट विकायचा होता. कथा अशी की डॉक्टर माइंडबेंडर जगभरच्या थडग्यांमधून ज्युलियस सीझर, नेपोलियन, अलेक्झांडर, अटिला अशांचे पेशी-अंश गोळा करतो आणि त्यांच्यापासून एक माणूस बनवतो. कल्पना एकदम भन्नाट. पण तयार झालेला सर्पेंटर म्हणजे सापाच्या फण्याखाली बसून "ही माझी आज्ञा आहे!" असं गरजणारा एकसुरी माणूस. त्याने कोब्रा कमांडरला खुर्चीवरून उतरवलं, आणि इतके दिवस साहेब असलेल्या माणसाचा पडद्यावर घरगडी झाला. कुणाला तरी सर्पेंटर आवडत असेलच, पण बहुतेकांना तो आगंतुक वाटला. कारण भांडणाची रंगतच गेली. डेस्ट्रो आणि कमांडर यांच्या कुरघोड्यांवर चाललेलं घर, त्यात वरून लादलेला मालक आला.

१९८७ च्या चित्रपटाने तर कहर केला. तो थिएटरात लागायचा होता, पण हॅस्ब्रोच्या खेळण्यांवरचे आधीचे चित्रपट पडल्यामुळे तो टीव्ही आणि व्हिडिओवर आला. त्यात कळतं की कोब्रामागे मुळात 'कोब्रा-ला' नावाची, हिमालयात दडलेली, यंत्रांऐवजी जिवंत प्राण्यांपासून हत्यारं बनवणारी प्राचीन संस्कृती आहे, आणि कमांडर हा तिथलाच माणूस. चाहते आजही यावर दात-ओठ खातात. त्यांचा आक्षेप नीट ऐकला तर तो रास्त आहे. कोब्रा माणसांची होती, म्हणूनच तिच्यात मजा होती. लोभी, भांडकुदळ, आपल्यातलीच माणसं. तिला हजारो वर्षांचा पूर्वज चिकटवला की ती कुठल्याही परग्रहवासी टोळीसारखी झाली. तरी याच चित्रपटात कमांडरचं हळूहळू साप होत जाणं आहे. आपण एकेकाळी माणूस होतो, हे तो पुन्हा पुन्हा पुटपुटत सरपटतो, आणि ज्याच्यावर आयुष्यभर हसलो त्याची कीव येते. चित्रपटाला शिव्या देणारेही ते दृश्य विसरलेले नाहीत. सुरुवातीची, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरची लढाई तर झाडून सगळ्यांना आवडते.

याच चित्रपटात ज्यो पथकाचा नायक ड्यूक मरायचा होता. सर्पेंटरचा भाला त्याच्या छातीत घुसतोही. पण १९८६ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या चित्रपटात नायक ऑप्टिमस प्राइमला मारल्यावर मुलं ढसाढसा रडली होती, पालक संतापले होते. हॅस्ब्रोने हाय खाल्ली. चित्रं तर तयार होती, मग केलं काय? संवाद बदलले. तो बेशुद्धावस्थेत गेला असं एक वाक्य, आणि शेवटी तो शुद्धीवर आला असं दुसरं. चित्रात सगळे मयताला जमल्यासारखे उभे आणि आवाज म्हणतोय ठीक आहे. चाहत्यांच्या प्रतिक्रियेने प्रदर्शनाआधीच कथा बदलण्याचं इतकं ढळढळीत उदाहरण मला दुसरं आठवत नाही. गंमत म्हणजे ती प्रतिक्रिया दुसऱ्याच चित्रपटावरची होती.

राहिला कॉमिकवाल्यांचा पक्ष. मार्व्हलचं कॉमिक १९८२ ते १९९४, १५५ अंक चाललं, आणि जवळजवळ सगळं लॅरी हामा यांनी लिहिलं. जपानी वंशाचे अमेरिकन, व्हिएतनाम युद्धाच्या काळात स्वतः लष्करात असलेले. बाहुलीच्या पाकिटामागे छापलेलं 'फाइल कार्ड', म्हणजे त्या पात्राची थोडक्यात कुंडली, तेही बहुतेक त्यांचंच. त्यांच्या कॉमिकला टीव्हीचे नियम नव्हते. तिथे गोळ्या खऱ्या, मृत्यू खरे. तिथला कोब्रा कमांडर एकेकाळी जुन्या मोटारी विकायचा. सरकारवर आणि बड्या कंपन्यांवर चिडलेल्या सामान्य माणसांना साखळी-विक्रीच्या योजनांमध्ये ओढत त्याने संघटना उभी केली, आणि स्प्रिंगफिल्ड नावाचं अख्खं अमेरिकी गाव तिचा छुपा अड्डा. शेजारचा वकील, हिशेबनीस, शाळेचा मास्तर, कुणीही कोब्राचा असू शकतो. हा कमांडर पळपुटा नाही आणि विनोदी तर अजिबात नाही. आज वाचताना तो १९८२ पेक्षा जास्त खरा वाटतो.

स्टॉर्म शॅडोचंही तसंच. कार्टूनमध्ये तो कोब्राचा पगारी निन्जा. कॉमिकमध्ये मात्र तो आपल्या गुरूच्या खुन्याच्या शोधात कोब्रात शिरलेला आहे, आणि ज्यो पथकातला मुका योद्धा स्नेक आइज त्याचा युद्धातला जुना सोबती. हा स्नेक आइज आज सगळ्यांचा लाडका, पण त्याचा जन्म काटकसरीतून झाला. रंगकामाचा खर्च वाचावा म्हणून एक बाहुली नखशिखांत काळी ठेवली, इतकंच. हामांनी त्या काळ्या प्लॅस्टिकला भूतकाळ दिला, आणि १९८४ मध्ये त्याच्यावर एकही शब्द नसलेला पूर्ण अंक काढला. कार्टूनवाल्यांना मात्र न बोलणाऱ्या माणसाचं करायचं काय हे उमगलं नाही.

प्रतिक्रियांमुळे मजकूर बदलल्याचा आणखी एक किस्सा झार्टनचा. त्याची १९८४ ची बाहुली उन्हात धरली की कातडी निळसर होत जायची, सावलीत आणली की परत मूळ रंगावर. पोरं वेडी झाली. पण त्याच्या फाइल कार्डवर त्याचं वर्णन स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असं केलेलं होतं. मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला: आजारी माणूस म्हणजे खलनायक, हे मुलांना शिकवताय का? हॅस्ब्रोने कार्ड बदललं. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं तेव्हाही बरोबरच होतं.

देशोदेशी कोब्राचं रूपही बदललं. ब्रिटनमध्ये 'ॲक्शन फोर्स' नावाची वेगळी खेळणी होती, त्यातल्या बॅरन आयर्नब्लड या खलनायकालाच पुढे कोब्रा कमांडर करून टाकलं. आपल्याकडे ही मंडळी आली ती फनस्कूलच्या पाकिटातून. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये उभी राहिलेली ही कंपनी, तिचा एक कारखाना गोव्यात. फनस्कूलने हॅस्ब्रोचे साचे वापरले, पण रंग आपल्या सोयीने लावले. अमेरिकेत हिरवा असलेला शिपाई इथे भलत्याच रंगात, आणि पुढच्या खेपेला त्याहून वेगळा. आपल्या पोरांना त्याचं काही नव्हतं, दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत एखादा कोब्राचा शिपाई मशीनगन रोखून उभा असायचाच. परदेशातले संग्राहक मात्र याच रंगांच्या घोळावर फिदा आहेत. अमेरिकेत उत्पादन थंडावल्यावरही फनस्कूल जुने साचे चालवत राहिली, त्यामुळे नव्वदच्या दशकात तिकडच्या चाहत्यांना नवंकोरं पाकीट भारतातून मागवता यायचं.

नव्या पिढीसाठी २००९ आणि २०१३ मध्ये मोठे चित्रपट आले. पहिल्या चित्रपटात कमांडरला ना धड तो आरशाचा मुखवटा, ना निळा बुरखा, आणि जुन्या चाहत्यांनी डोक्याला हात लावला. दुसऱ्यात चकचकीत मुखवटा परत आला. २०२० पासून हॅस्ब्रोने सहा इंची मापात सगळी पात्रं पुन्हा काढली, ती उघड उघड मोठ्या माणसांसाठी. त्या मापाच्या पहिल्या मोठ्या वाहनासाठी २०२२ मध्ये आगाऊ नोंदणी उघडली, तेव्हा निवड ज्यो पथकाच्या वाहनाची झाली नाही. निवडला गेला कोब्राचा हिस रणगाडा, आणि लागणाऱ्या किमान संख्येपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पैसे भरले. खलनायकांच्या बाहुल्या कोण घेणार म्हणून १९८२ मध्ये बिचकणारी कंपनी ती हीच.